तोंड नसलेला ज्वालामुखी

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात गेली काही वर्षं जिकडे पाहावं तिकडे पाया खणणं चालू आहे. पत्र्याच्या कुंपणाआड पोकलेन दिवसभर घरघरत असतो, ब्रेकरचा ठणठणाट संध्याकाळपर्यंत कानात बसतो. दोन-तीन मजली पार्किंगसाठी खड्डा खोल खोल जातो, आणि मग एक दिवस त्याच्या भिंती काँक्रीटच्या मागे कायमच्या झाकल्या जातात. त्या झाकल्या जाण्याआधी जमेल तितक्या खड्ड्यांच्या काठाशी जाऊन उभं राहायचं, असा मी नेम केला आहे. एका खड्ड्याशी पोकलेनवाल्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, “वर काळी माती, मग मुरूम. त्याखाली मांजऱ्या लागतो. आणि मग काळा पाषाण. तिथं ब्रेकरचं टोकसुद्धा झिजतं.”

माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण. आपल्याकडच्या विहिरी खणणाऱ्यांनी आणि वडार समाजातल्या दगडफोड्यांनी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले. या चार शब्दांत एका लाव्हाप्रवाहाचा वरपासून खालपर्यंतचा उभा छेद आला. आपण ज्वालामुखीवरच राहतो आहोत, ही गोष्ट त्या खड्ड्याच्या भिंतीवर उघड दिसते. तरीही सिंहगडावर किंवा लोहगडावर गेलो की हमखास कुणीतरी विचारतं, “हे सगळं लाव्हाचं आहे म्हणता, मग ज्वालामुखी कुठे आहे? त्याचं तोंड कुठे आहे?”

प्रश्न अगदी योग्य आहे. घोळ केला आहे तो आपल्या शब्दानं. ज्वालामुखी म्हटलं की तोंड आलंच. शाळेच्या वहीत आपण सगळ्यांनी त्रिकोणी डोंगर काढून त्याच्या टोकाला खळगा दाखवला आणि त्यातून लाल रंगाच्या रेघा उडवल्या. ते चित्र खोटं नाही. जपानचा ३,७७६ मीटर उंच फुजी तसाच दिसतो. पण तो ज्वालामुखीचा एक प्रकार झाला. जमिनीखालून येणारा रस कसा आहे यावर ज्वालामुखीचं रूप ठरतं: तो पातळ की चिकट, किती तापलेला, आणि त्यात वायू किती कोंडलेला. सह्याद्रीला तोंड का नाही, याचं उत्तर या तीन गोष्टींत आहे.

जमिनीखाली वितळलेल्या खडकाला आपण शिलारस म्हणतो, बाहेर आला की लाव्हा. या रसात सर्वांत महत्त्वाचा घटक सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडणी. सिलिकॉनचा एक अणू चार ऑक्सिजन अणूंना धरून बसतो, आणि हे गट एकमेकांत हात गुंफून साखळ्या, जाळ्या तयार करतात. सिलिका जितकी जास्त, तितकी गुंफण घट्ट आणि रस तितका चिकट. आपल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या रसात सिलिका वजनानं निम्म्याच्या आसपास असते. अँडेसाइट नावाच्या खडकात ती साठ टक्क्यांच्या जवळ जाते, रायोलाइटमध्ये सत्तरच्या वर. तापमान नेमकं उलट्या दिशेनं चालतं. बेसॉल्टचा रस १,१०० ते १,२०० अंश सेल्सियसला बाहेर येतो, रायोलाइटचा बहुधा ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान. म्हणजे आधीच चिकट असलेला रस गारही असतो, म्हणून आणखी चिकट होतो.

दिवाळीच्या फराळातल्या पाकाकडे पाहा. रव्याच्या लाडवांचा एकतारी पाक पळीवरून सरळ ओघळतो. तोच आणखी आटवून गोळीबंद केला की वाटीतल्या पाण्यात टाकलेला थेंब जागेवरच बसतो. बेसॉल्टचा रस एकतारी, रायोलाइटचा गोळीबंदाच्याही पलीकडचा. या दोन शिलारसांतला फरक मात्र पाकांतल्या फरकापेक्षा फार मोठा आहे. बेसॉल्टचा रस पाण्याहून दहा हजार ते लाखपट दाट, आणि रायोलाइटचा त्या बेसॉल्टहूनही लाखो, कधी कोट्यवधी पट.

पण नुसत्या चिकटपणानं स्फोट होत नाही. स्फोट घडवतो वायू. खोलवरच्या दाबाखाली शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. रस वर चढू लागला, दाब उतरला, की हे वायू बुडबुड्यांच्या रूपानं सुटतात. पुढचं सगळं ज्यानं पिठलं रटरटताना जवळून पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे निमूट वर येऊन फुटतात. घट्ट पिठल्यात वाफ अडकते, फुगते आणि फटकन फुटून हातावर चटका देते. आच तीच, चूल तीच, फरक दाटपणाचा. पातळ बेसॉल्टमधून वायू वाट काढून निघून जातो आणि मागून रस शांतपणे वाहतो. चिकट रसात त्याला वाट मिळत नाही. शेवटी सगळा रसच फाटून त्याचा काचेसारखा भुगा होतो. या भुग्याला आपण ज्वालामुखीची राख म्हणतो. तिथे जळलेलं काहीच नसतं.

आता डोंगरांचे आकार आपोआप उलगडतात. हवाई बेटांवरचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण दुरून पाहिलं तर पालथ्या घातलेल्या ढालीसारखा पसरट. पातळ लाव्हा दूर वाहून गेल्यावर उभा उतार राहणार कसा? फुजीसारखे शंकू बनतात ते मध्यम चिकट रसाचे. कधी राखेचा थर, कधी लाव्हाचा, असे एकावर एक चढत उतार उभा राहतो. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १८ मे १९८० रोजी फुटला तेव्हा आतल्या चिकट रसानं डोंगराची एक बाजू आधीच फुगवून ठेवली होती. ती बाजू ढासळली आणि झाकण उडालं. डोंगर सुमारे चारशे मीटरनं बुटका झाला, ५७ माणसं गेली. रस आणखी चिकट असेल तर तो वाहतही नाही, तोंडाशीच घुमटासारखा साचतो. हे घुमट फार फसवे असतात. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ रोजी पेले डोंगरातून तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतरला आणि सेंट पियर हे सुमारे २८ हजार वस्तीचं शहर काही मिनिटांत संपलं. तिथे लाव्हाची नदी आली नाही. माणसं मारली ती त्या लोटानं.

भारतात आज एकच जागृत ज्वालामुखी आहे, अंदमानातलं बॅरन बेट. दीर्घ झोपेनंतर ते १९९१ मध्ये जागं झालं आणि अधूनमधून धुमसत असतं. त्याच्या उत्तरेला असलेलं नारकोंडम बेट अधिक चिकट रसाचं आणि सध्या शांत आहे.

आपल्या दख्खनेत यातलं काहीच घडलं नाही. ना शंकू, ना ढाल, ना घुमट. इथला रस इतका पातळ आणि इतका अमाप होता की त्याला डोंगर उभारायची गरजच पडली नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो नुसता भरून वाहिला. या भेगांचे वळ आजही दिसतात. भेगेत उरलेला रस थिजला की खडकाची उभी भिंत तयार होते. धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून अशा भिंती मैलोन्‌मैल जातात. साक्री, धुळे, पारोळा असा मार्ग धरणारी एक भिंत सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. गडावर ज्वालामुखीचं तोंड शोधणाऱ्याला मी सांगतो, ते तोंड म्हणजे मिटलेली भेग आहे, आणि ती बहुधा आपल्या पायाखाली कुठेतरी गाडलेली आहे.

हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. मुख्य उद्रेक जेमतेम दहा लाख वर्षांत आटोपले असं आजची कालमापनं सांगतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा लाव्हा पसरलेला आहे, आणि महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग त्यावर बसला आहे. मुळात बाहेर आलेला रस दहा लाख घन किलोमीटरांहून कमी नसावा. आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून एक तुलना. माणसानं डोळ्यांनी पाहिलेल्या भेगी उद्रेकांत सर्वांत गाजलेला आइसलँडमधला लाकीचा, १७८३ सालचा. सुमारे २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहत राहिली आणि तिच्यातून १५ घन किलोमीटरांच्या आसपास लाव्हा आला. दख्खन म्हणजे असे साठ-सत्तर हजार लाकी.

लाकीनं आणखी एक गोष्ट शिकवली. पातळ लाव्हा शांत असतो, निरुपद्रवी नसतो. त्या आठ महिन्यांत सुटलेल्या गंधकाच्या आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत विषारी झालं, जनावरं मेली, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात आइसलँडची पाचवा हिस्सा तरी प्रजा गेली. दख्खनच्या वायूंनी पृथ्वीच्या हवेचं काय केलं असेल, हा डायनासोरांच्या अंताशी जोडलेला मोठा वाद आहे. मेक्सिकोतल्या चिक्षुलुबजवळ अशनी आदळला तो याच काळात. मारेकरी अशनी की लाव्हा, की दोघे मिळून, यावर शास्त्रज्ञ भांडत आहेत. मला स्वतःला अशनीचं पारडं जड वाटतं, पण दख्खनला निर्दोष सोडायला मी तयार नाही.

आता पुन्हा पुनावळ्याच्या खड्ड्याकडे. पातळ लाव्हा पसरतो तेव्हा त्याच्यावर सायीसारखं कवच धरतं. त्या कवचाखालून नवा रस येत राहतो, आणि कवच हळूहळू वर उचललं जातं. गोधडीखाली हवा भरावी तसा थर फुगतो. झाकलेला असल्यामुळे आतला रस गरम राहतो आणि फार लांब जातो. आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडणारा लाव्हा सह्याद्रीकडूनच तिथवर वाहत गेला असं भूशास्त्रज्ञ मांडतात, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर. चिकट रसाला हे स्वप्नातही जमणार नाही.

असा थर थिजताना आतले बुडबुडे वर चढतात आणि माथ्याजवळ अडकतात. म्हणून प्रत्येक प्रवाहाचा वरचा भाग छिद्राछिद्रांचा, आणि मधला गाभा घट्ट, काळा, बुडबुड्यांविना. पुढे भूजलानं त्या छिद्रांत झिओलाइटसारखी पांढरी-हिरवट खनिजं भरली, खडक मऊ पडला, तोच मांजऱ्या. माथा आणखी कुजला की मुरूम. आणि मधला गाभा म्हणजे ब्रेकरचं टोक झिजवणारा काळा पाषाण. मोशीच्या खाणींतून आपल्या रस्त्यांची आणि स्लॅबची खडी आली ती अशा गाभ्यांतून. वाघोलीच्या खाणींत छिद्रांमध्येच निळंशार कॅव्हन्साइट सापडलं, ज्याच्या नमुन्यांसाठी जगभरचे संग्राहक आजही पुण्याचं नाव घेतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही खनिजं पाहताना एक लक्षात ठेवावं. ज्या वायूनं पेले डोंगरात शहर संपवलं, तोच वायू इथे वाट मिळाल्यामुळे शांतपणे वर सरकला आणि मागे रिकामी घरं ठेवून गेला. त्या घरांत नंतर हे स्फटिक वाढले.

मधूनच खड्ड्यात विटकरी लाल पट्टा दिसतो. विहीरवाले त्याला गेरू म्हणतात. एक प्रवाह थिजला, पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात माथ्याची माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्हानं ती भाजून निघाली. उद्रेकांमध्ये मोठ्या विश्रांती होत्या याचा हा पुरावा. अशा विश्रांतीत तळी साचली, जीव नांदले. मुंबईत वरळीला अशाच तळ्याच्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि ते एकोणिसाव्या शतकातच शास्त्राच्या नोंदीत गेले. बोअरवेलवाल्यांना हा लाल थर नकोसा असतो, कारण तो ओला झाला की ढासळतो आणि केसिंग टाकावं लागतं. आमच्या भागात एका सोसायटीच्या बोअरला पाणी आणि शेजारच्या बोअरमधून नुसती धूळ, असं घडतं त्याचं कारण दैवात नाही. घट्ट गाभ्यात पाणी शिरत नाही. ते राहतं छिद्राळ माथ्यात, मुरमात आणि भेगांत. बोअर कोणत्या थरांतून गेली यावर सगळं आहे, आणि ते थर लाव्हा थिजला त्या दिवशीच ठरले.

सह्याद्रीचे आकारही असेच. घट्ट गाभा कड्यासारखा तुटतो, मऊ माथा उतार धरतो. कडा, उतार, कडा, उतार. कर्नल साइक्स यांनी १८३३ मध्ये या खडकांसाठी ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव रूढ केलं. ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेतला जिना. आपल्या किल्ल्यांच्या माच्या आणि बालेकिल्ले याच जिन्याच्या पायऱ्या आहेत. देहूरोडजवळचा घोरावडेश्वर, भाजे, कार्ले, आणि आठव्या शतकातलं वेरूळचं कैलास, हे सगळं आडव्या, सलग थरांमुळे शक्य झालं. शंकूच्या राखेत कैलास कोरता आलं नसतं. या थरांची एकूण जाडी पूर्वेकडे कमी होत जाते. कळसूबाई १,६४६ मीटरपर्यंत लाव्हाचीच. कोयनेच्या परिसरात जाडी किलोमीटरभर किंवा त्याहून अधिक भरली. आणि १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधन केलं तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपून खालचा पुरातन खडक लागला.

रसाच्या या सगळ्या पातळपणाला आपल्याच राज्यात एक अपवाद आहे आणि तो मुंबईच्या किनाऱ्याला. साष्टीच्या पश्चिम अंगाला, मढ, मनोरी, उत्तनच्या डोंगरी भागात रायोलाइट आणि ट्रॅकाइट सापडतात, चिकट रसाचे फिकट खडक. मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींना लागलेला पिवळट मालाड दगड याच कुळातला. पातळ बेसॉल्टच्या प्रदेशात हा चिकट रस आला कुठून? लोणी कढवताना बेरी खाली बसते आणि वर वेगळंच काही उरतं, तसं खोलवरच्या कोठीत रस साचून राहिला की लोह-मॅग्नेशियमचे जड स्फटिक आधी खाली बसतात आणि उरलेला रस सिलिकानं भरत जातो. काही वेळा तो आजूबाजूचा कवचखडकही वितळवून घेतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल मात्र बेसॉल्टचाच, सावकाश थिजून आक्रसल्यानं उभ्या खांबांत तडकलेला. चहूबाजूंनी इमारती चढल्या, तरी सुमारे साठ मीटर उंचीचे ते खांब अजून उभे आहेत, ही मोठीच गोष्ट.

आणि चिकट रसाचा खरा कहर पाहायचा तर पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या बोरीला जावं. कुकडी नदीच्या काठच्या गाळात तिथे पांढुरक्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. ती राख सह्याद्रीची नाही. ती आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरांहून दूर. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, त्यात २,८०० घन किलोमीटरांच्या घरात द्रव्य उडालं आणि मागे शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर राहिलं. बोरीची राख या स्फोटाची की टोबाच्याच त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्याच गाळात अश्मयुगीन माणसाची हत्यारं मिळाल्यानं हा वाद महत्त्वाचा ठरतो. मला मात्र बोरीचा काठ वेगळ्या कारणानं भावतो. खाली पातळ रसाचा काळा दगड, वर चिकट रसाची पांढरी राख. दोन स्वभावांचे दोन ज्वालामुखी एकाच नदीकाठी.

दख्खनचा रस आज कुठे आहे, हेही सांगायला हवं. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की आपल्याखाली होता तो तप्त झोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तो जागीच राहिला, भारतच त्याच्यावरून उत्तरेला सरकत आला. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार वाहतो, आणि त्याचा रसही बेसॉल्टचाच, पातळ. शेजारचं मॉरिशस त्याच झोतातून वर आलेलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेली मराठी कुटुंबं तिथे उतरली तेव्हा त्यांना शेतात जे काळे दगड वेचून रचावे लागले, ते घरच्या दगडाचेच भाऊबंद होते. आज तिथल्या गंगा तलावावर महाशिवरात्रीला यात्रा भरते. तो तलाव म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, खरंखुरं तोंड. तोंडाविना राहिलो ते आपणच.

बुलढाण्याच्या लोणारला मात्र कुणी ज्वालामुखी म्हणू नये. तो गोल खळगा पाहून पूर्वी अनेकांना तसं वाटलं, पण ते बेसॉल्टवर आदळलेल्या अशनीचं विवर आहे.

आता एक विनंती. पिंपरी-चिंचवड परिसरात हजारो खड्डे खणले गेले, आणि त्यांच्या भिंतींवरची पानं वाचण्याआधीच मिटली. पाया खणणाऱ्या प्रत्येक बांधकामानं काँक्रीट ओतण्याआधी चारही भिंतींची, मोजपट्टी लावून, छायाचित्रं काढून ठेवावीत. खर्च काहीच नाही. पुढच्या बोअरवेलसाठी, पुनर्भरणासाठी आणि शेजारच्या पायासाठी ती उपयोगी पडतील. महापालिकेनं मोशीच्या बंद खाणींपैकी एक तरी उभा काठ भराव न घालता, कुंपण आणि फलकासह, शाळांसाठी उघडा ठेवावा. आणि तुम्ही, हे वाचून बाजूला ठेवाल तेव्हा, घराजवळच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर मुलांना घेऊन एकदा उभे राहा. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या कुठे लागतो, लाल पट्टा आहे का, ते त्यांना दाखवा. खड्डा महिन्या-दोन महिन्यांत बुजेल.